मोडाचा दाणा : कच्चा की शिजवलेला?

बीज अंकुरण शिकवताना आपण मुलांना मूग किंवा मटकी भिजत घालायला सांगतो. दुसऱ्या दिवशी दाणे फुगतात, फडक्यात बांधून ठेवले की तिसऱ्या दिवशी त्यांना मोड येतात. याच तासाला आपण सांगतो की मोड आलेले कडधान्य पचायला हलके असते, त्यात जीवनसत्त्वे वाढतात. मग एखादी मुलगी विचारते, "बाई, हे असेच कच्चे खाल्ले तर जास्त चांगले ना?" बहुतेक वेळा आपण "हो" म्हणून पुढे जातो. आरोग्यविषयक लेखांत आणि व्याख्यानांतही हाच सल्ला दिलेला आढळतो.

या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. मोडाच्या दाण्याचा गुण विज्ञानाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला सिद्ध केला आणि त्याच शतकाच्या अखेरीस त्याचा धोकाही उघड केला. दोन्ही गोष्टींमागे कारण एकच आहे. म्हणून हा इतिहास सुरुवातीपासून पाहू.

शिध्यातले मोड

१९०७ साली नॉर्वेमधील आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख या संशोधकांनी गिनीपिग या प्राण्याला केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्याला स्कर्व्ही हा रोग झाला. हिरड्या सुजणे, त्यांतून रक्त येणे, सांधे दुखणे, जुन्या जखमा पुन्हा उघडणे ही या रोगाची लक्षणे खलाशांना शतकानुशतके ठाऊक होती. आता तो प्रयोगशाळेत अभ्यासता येऊ लागला. त्यांच्याच देशातल्या व्हॅलेंटिन फ्युर्स्ट याने १९१२ साली दाखवून दिले की कोरडे दाणे खाऊन गिनीपिगला स्कर्व्ही होतो, पण तेच दाणे भिजवून मोड आणून दिले तर होत नाही. दाण्यात बाहेरून काहीही घातलेले नव्हते, फक्त पाणी आणि ऊब दिली होती. याचा अर्थ स्कर्व्ही रोखणारा पदार्थ दाणा स्वतःच अंकुरताना तयार करत होता. क जीवनसत्त्व हे नाव तेव्हा प्रचारात यायचे होते. तो पदार्थ नेमका कोणता हे कळायला १९३२ साल उजाडले.

या शोधाची निकड लवकरच भासली, आणि तिचा आपल्याशीही संबंध आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हिंदी फौजा मोठ्या संख्येने लढत होत्या. कुत येथे तुर्कांनी वेढलेल्या सैन्यात मराठा पलटणीही होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्याला शरणागती पत्करावी लागली. वेढ्याच्या काळात एक विचित्र गोष्ट दिसली. गोऱ्या सोल्जरांना पांढऱ्या मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी झाला. आटा आणि डाळ खाणाऱ्या हिंदी शिपायांना तो झाला नाही. मात्र हिंदी शिपायांना स्कर्व्हीने ग्रासले. गोरे सोल्जर घोड्याचे ताजे मांस खात होते. हिंदी शिपायांनी ते बराच काळ नाकारले आणि हिरवी भाजी तर मिळतच नव्हती. त्या आघाडीवर १९१६ मध्ये स्कर्व्हीने आजारी पडलेल्या हिंदी शिपायांची संख्या हजारांत होती.

वाळवंटात ताजी भाजी आणि लिंबू पोचवणे अवघड होते, पण मसूर, वाटाणे यांची पोती शिध्यात होतीच. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोन शास्त्रज्ञ महिलांनी या दाण्यांचा अभ्यास केला आणि ते भिजवून, मोड आणून सैनिकांना द्यावेत असे सुचवले. १९१८ साली विल्टशायर या लष्करी डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या सर्बियन सैनिकांच्या दोन गटांची तुलना प्रसिद्ध केली. एका गटाला लिंबाचा रस आणि दुसऱ्याला मोड आलेला घेवडा दिला होता. मोडाचा गट लिंबाच्या गटापेक्षा मागे पडला नाही, उलट थोडा पुढेच राहिला.

या संशोधकांनी मोड कच्चेच खा असे सांगितले नव्हते. शिजवा, पण कमीत कमी वेळ शिजवा, असा त्यांचा सल्ला होता. क जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते, हे त्यामागचे कारण. पुढे या सल्ल्यातला "उष्णतेने नाश पावते" एवढाच भाग लोकांच्या लक्षात राहिला, आणि "मग शिजवायचेच कशाला?" असा प्रश्न त्यातून निघाला.

उबेचा दुसरा लाभार्थी

मोड येण्यासाठी काय लागते? ओलावा, ऊब आणि हवा. दाणा फुगतो, साल फाटते, आतल्या पिठूळ पदार्थाचे साखरेत रूपांतर सुरू होते आणि त्यातली थोडी साखर व अमिनो आम्ले भोवतीच्या पाण्यात झिरपतात. आता ही यादी जीवाणूंच्या दृष्टीने पुन्हा वाचा. ओलावा, ऊब आणि अन्न या तिन्ही गोष्टी त्यांनाही हव्या असतात. फडक्यातली पुरचुंडी ही दाण्याइतकीच जीवाणूंसाठीही उत्तम जागा असते. बाजारात मिळणाऱ्या एका ग्रॅम मोडांत कोटीच्या घरात जीवाणू असणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यातले बहुतेक सर्व निरुपद्रवी असतात. प्रश्न येतो तो एखादा उपद्रवी जीवाणू मूळ दाण्यावर बसून आला तर.

वर्गात हे गणित करून पाहा. एका दाण्याच्या भेगेत एकच जीवाणू आहे आणि दर तासाला तो दुप्पट होतो असे समजू. चोवीस तासांनी किती होतील? २ चा २४ वा घात, म्हणजे १,६७,७७,२१६. एका दिवसात एकाचे दीड कोटीहून अधिक! प्रत्यक्षात जागा आणि अन्न अपुरे पडू लागते आणि ही वाढ मंदावते. पण मोड यायला दोन-तीन दिवस मिळतात हेही विसरू नये.

टोमॅटो किंवा काकडी यांवर घाण पाण्यातून असे काही जीवाणू आले, तर त्यांतले बरेचसे धुऊन जातात आणि वाळलेल्या सालीवर त्यांची फारशी वाढ होत नाही. मोडाच्या बाबतीत मात्र खाण्यापूर्वीची तयारी हीच जीवाणूंची वाढ करणारी असते. कच्च्या भाज्यांमध्ये मोडांचा वेगळा विचार करावा लागतो तो यामुळे.

याची पहिली चाहूल अमेरिकेत १९७३ साली लागली. घरी मोड आणण्यासाठी विकल्या जाणाऱ्या संचातील बियांचे मोड खाऊन काही जण आजारी पडले; बियांवर बॅसिलस सेरियस हा जीवाणू होता. १९८८ साली ब्रिटनमध्ये मुगाच्या मोडांतून साल्मोनेलाची साथ आली. तरीही मोडांकडे संशयाने पाहायची सवय डॉक्टरांना लागली नव्हती. पुढच्या दोन घटनांनी ती लावली.

साकाईच्या शाळा

ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जीवाणू. थिओडोर एशेरिश याने १८८५ साली त्याचे प्रथम वर्णन केले. त्याचे बहुतेक वाण निरुपद्रवी आहेत. परंतु १९८२ साली अमेरिकेतील ऑरेगन आणि मिशिगन या राज्यांत अर्धवट शिजलेल्या मांसाच्या हॅम्बर्गरमधून रक्ती अतिसाराची साथ आली आणि ओ१५७:एच७ हा वाण ओळखला गेला. हा वाण एक विष तयार करतो. जपानच्या कियोशी शिगा याने १८९७ साली शोधलेल्या आमांशाच्या जीवाणूचे विषही याच जातीचे, म्हणून त्याला शिगा विष म्हणतात. हे विष पेशीतील प्रथिननिर्मिती बंद पाडते. मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्यांवर त्याचा मारा झाला की तांबड्या पेशी फुटू लागतात आणि मूत्रपिंडे काम थांबवतात. लहान मुलांना याचा धोका सर्वाधिक असतो. शंभराहून कमी जीवाणू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो. गाईगुरांच्या आतड्यात हा वाण सुखाने राहतो, गुरांना त्याचा त्रास होत नाही.

जुलै १९९६ मध्ये जपानच्या ओसाका प्रांतातील साकाई शहरात प्राथमिक शाळांतील मुले एकाएकी आजारी पडू लागली. शहरातील शाळांना दुपारचे जेवण मिळत असे. काही दिवसांतच साडेसात हजारांहून अधिक शाळकरी मुलांना पोटदुखी आणि अतिसार झाला, शेकडो मुलांना इस्पितळात ठेवावे लागले, तीन मुले दगावली.

इतक्या मोठ्या प्रमाणावर आजार पसरवणारा पदार्थ कोणता? शहराच्या वेगवेगळ्या भागांत जेवणाचे पदार्थ आणि दिवस वेगवेगळे होते. तपास करणाऱ्यांनी शाळांच्या हजेरीची मदत घेतली. इस्पितळात दाखल झालेली मुले कोणत्या दिवशी हजर होती, हे ताडून पाहिल्यावर संशयाचे दिवस ठरले. त्या दिवसांच्या जेवणांत समान असलेला, न शिजवता वाढलेला पदार्थ होता पांढऱ्या मुळ्याचे कोवळे मोड. ते एकाच शेतावरून आलेले होते.

पण त्या शेतावर किंवा तेथील मोडांवर हा जीवाणू काही सापडला नाही. ऑगस्टमध्ये आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की मुळ्याचे मोड कारणीभूत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. या एका वाक्याने देशभरात मुळ्याच्या मोडांची विक्री कोसळली. तेव्हाचे आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी लोकांची भीती घालवण्यासाठी दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांपुढे बसून मोड खाल्ले, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही. उत्पादक न्यायालयात गेले. अपुऱ्या पुराव्यावर घाईने केलेल्या घोषणेमुळे आमचे नुकसान झाले, असे त्यांचे म्हणणे होते. वरिष्ठ न्यायालयांनी ते मान्य केले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयातही सरकारचे अपील टिकले नाही.

दरम्यान प्रयोगशाळांत आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. जपानी संशोधकांनी मुद्दाम ओ१५७ लावलेल्या बियांपासून मोड वाढवले आणि १९९८ साली प्रसिद्ध केले की हा जीवाणू मोडाच्या पृष्ठभागावरच नव्हे, तर देठाच्या आतही आढळतो. म्हणजे मोड कितीही धुतले तरी आतला जीवाणू जाणार नाही.

साकाईमध्ये दरवर्षी १२ जुलै हा दिवस या घटनेच्या स्मरणासाठी पाळतात. १९९६ साली पहिलीत असलेली, त्या आजाराने मूत्रपिंडावर कायमचा परिणाम झालेली एक मुलगी २०१५ साली वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्या आजाराच्याच परिणामांमुळे वारली.

काकडीवरचा आरोप

मे २०११ मध्ये जर्मनीच्या उत्तर भागात तशीच साथ सुरू झाली. पण या वेळी मुलांपेक्षा प्रौढ माणसे, त्यांतही स्त्रिया अधिक आजारी पडत होत्या. जीवाणू होता ओ१०४:एच४, शिगा विषाचे जनुक अलीकडेच मिळवलेला एक वाण. १९ मे रोजी हॅम्बुर्गहून बर्लिनच्या रॉबर्ट कॉख संस्थेला खबर गेली आणि दुसऱ्याच दिवशी तपास पथक तेथे पोचले.

पथकाने पहिल्या बारा रुग्णांना काय काय खाल्ले ते सविस्तर विचारले. टोमॅटो, काकडी, सॅलडची पाने ही नावे वारंवार आली. मोडांचा उल्लेख फक्त तिघांनी केला. २५ मे रोजी या तीन कच्च्या भाज्या उत्तर जर्मनीत खाऊ नयेत, असा सल्ला देण्यात आला. दुसऱ्या दिवशी हॅम्बुर्गमध्ये स्पेनहून आलेल्या काकड्यांवर विष तयार करणारा ई. कोलाय सापडल्याचे जाहीर झाले. झाले! स्पेनच्या काकड्यांचे ढीगच्या ढीग फेकून द्यावे लागले. २ जूनला रशियाने युरोपीय संघातल्या सर्व भाज्यांवर बंदी घातली. परंतु ३१ मे रोजीच कळून चुकले होते की काकड्यांवरचा वाण वेगळा होता, रुग्णांमधला नव्हे. युरोपीय संघाने नंतर भाजी उत्पादकांना वीस कोटी युरोंहून अधिक भरपाई दिली.

मग चूक कुठे होत होती? माणसाच्या आठवणीत. जेवणात काकडी होती हे लक्षात राहते. पानाच्या कडेला सजावट म्हणून पेरलेले चिमूटभर मोड लक्षात राहत नाहीत. रुग्ण आणि निरोगी लोकांची तुलना केली तेव्हाही रुग्णांपैकी ८८ टक्क्यांना काकडी आठवली, मोड मात्र केवळ २५ टक्क्यांना.

तेव्हा तपासकांनी प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली. एका उपाहारगृहात जेवून गेलेल्या दहा गटांतील १५२ जणांची यादी त्यांनी केली. कोणी कोणता पदार्थ मागवला हे बिलांवरून, जेवणाच्या वेळी काढलेल्या छायाचित्रांवरून आणि विचारपूस करून ठरवले. त्या पदार्थात काय काय घातले होते, हे मात्र जेवणाऱ्यांना न विचारता आचाऱ्याला विचारले. उत्तर लख्ख निघाले. १५२ पैकी ३१ जण आजारी पडले होते आणि त्या सर्व ३१ जणांच्या ताटात मोड होते. मोड असलेले पदार्थ खाणाऱ्यांना आजाराचा धोका इतरांच्या १४ पट होता.

दुसरीकडे पुरवठ्याच्या पावत्या उलट दिशेने तपासण्याचे काम चालू होते. ठिकठिकाणच्या ४१ रुग्णगटांचे धागे लोअर सॅक्सनी प्रांतातील मोड तयार करणाऱ्या एकाच शेताशी जाऊन मिळाले. १० जूनला काकडी, टोमॅटो आणि सॅलड निर्दोष ठरले.

तेवढ्यात फ्रान्समधील बोर्दो शहराजवळ त्याच वाणाचे रुग्ण आढळले. ८ जूनला मुलांच्या एका केंद्रात झालेल्या कार्यक्रमात ही माणसे जेवली होती. त्यांनी जर्मन शेतातले काही खाल्ले नव्हते. दुकानातून आणलेल्या बियांच्या लहान पुड्यांतून तेथेच मोड आणले होते. फ्रान्समधले मोड मेथी, मोहरी आणि रॉकेट या तीन बियांचे, तर जर्मन शेताच्या मिश्रणांत मेथी, मसूर वगैरे दाणे. दोन वर्तुळे काढून पाहा, सामाईक भागात काय उरते? मेथी. दोन्हीकडची मेथी इजिप्तहून २००९ च्या अखेरीस निघालेल्या १५,००० किलोच्या एकाच खेपेतली होती. म्हणजे दीड वर्ष कोरड्या बियांवर तो जीवाणू तग धरून होता आणि पाणी मिळताच वाढला.

२६ जुलैला साथ संपल्याचे जाहीर झाले, तोवर एकट्या जर्मनीत सुमारे ३,८०० जण आजारी पडले होते आणि ५० हून अधिक दगावले होते.

पुरावा कशाला म्हणावे?

त्या खेपेच्या मेथीवर हा जीवाणू कधीच सापडला नाही. इजिप्तने आरोप नाकारला. मग साकाईपेक्षा हा तपास अधिक भरवशाचा का मानायचा? याचे उत्तर वरिष्ठ वर्गांत चर्चेला घेण्याजोगे आहे. टनावारी बियांत मोजक्याच दाण्यांवर थोडे जीवाणू असतील, तर नमुन्यात ते न सापडणे स्वाभाविक आहे. म्हणून "सापडला नाही" याचा अर्थ "नव्हता" असा होत नाही. पण नुसता संशयही पुरेसा नाही. काकडीवर तर जीवाणू प्रत्यक्ष सापडला होता, तरी ती निर्दोष होती! मेथीच्या बाबतीत तीन स्वतंत्र वाटा, म्हणजे उपाहारगृहातील नोंदी, पुरवठ्याच्या पावत्या आणि दुसऱ्या देशातील घटना, एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या. एकमेकांवर अवलंबून नसलेले पुरावे जुळले की निष्कर्षाचे बळ वाढते.

आपल्या स्वयंपाकघरात

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. आपल्याकडे मोड पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जातात, पण मुख्यतः उसळ करून. कच्चे मोड वाटीभर खाण्याची प्रथा अलीकडची. शिवाय बाजारातले मूग-मटकी शिजवले जाणार हे गृहीत धरूनच पिकवले, वाळवले आणि साठवले जातात. खळ्यावर त्यांत माती, शेण, उंदरांच्या लेंड्या मिसळणे अशक्य नाही. शिजवताना हे सारे दोष निभावून जातात, कच्चे खाताना निभावत नाहीत. घरचे मोड आहेत म्हणून ते सुरक्षित, असेही नाही. बोर्दोचे मोड हातानेच आणलेले होते. दोष दाण्याबरोबर येतो.

कच्चे मोड खाणारा प्रत्येक जण आजारी पडतो असे अर्थातच नाही. बहुतेकांना काहीच होत नाही. पण जेव्हा होते, तेव्हा ते लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना फार महागात पडते. आणि शाळेसारख्या ठिकाणी एकाच भांड्यातले अन्न शेकडो मुले खातात. २०२४ साली महाराष्ट्रातील शालेय पोषण आहाराच्या पाककृतींमध्ये मटकीची उसळ आणि मोड आलेली कडधान्ये यांचा समावेश झाला. ती वाढण्यापूर्वी शिजवलेली असावीत, याकडे शिक्षकांनी आवर्जून लक्ष द्यायला हवे.

आणि क जीवनसत्त्वाचे काय? शंभर ग्रॅम कच्च्या मुगाच्या मोडांत ते सुमारे १३ मिलिग्रॅम असते, तर उकडून निथळलेल्या मोडांत सुमारे ११. थोडा वेळ वाफवल्याने होणारे नुकसान एवढेच. तेवढ्याच वजनाच्या पेरूत ते २०० मिलिग्रॅमहून अधिक असते. वाळवंटातल्या शिपायांजवळ पेरू, आवळा, लिंबू यांपैकी काही नव्हते, म्हणून मोड हा त्यांचा आधार होता. आपल्या मुलांना एक पेरू किंवा उसळीवर पिळलेले अर्धे लिंबू पुरते.

तेव्हा मोड जरूर आणा, वर्गातही आणा. त्यासाठी स्वच्छ पाणी वापरा, ते वरचेवर बदला, फडके उकळून घ्या, आणि मोड आल्यावर दाणे चांगले वाफ येईपर्यंत शिजवा. प्रयोगासाठी वर्गात आणलेले मोड मात्र कच्चे चाखू देऊ नका. त्या मुलीला "नको" एवढेच सांगून थांबू नये. चोवीस तासांचे ते गणित तिला फळ्यावर करायला द्यावे.